सततच्या थकव्यासाठी चिनी उपचार: ठाण्यात राहून, डोळे उघडे ठेवून कसे घ्यावेत

ठाण्यात कुणी थकव्याची तक्रार केली की ऐकणारा आधी लोकलला दोष देतो. सकाळची गर्दी, संध्याकाळी घोडबंदर रोड, घरी पोचल्यावर कुकर. माणूस थकणार नाही तर काय? बहुतेकांच्या बाबतीत हे खरंही असतं. पण सुट्टीचे दिवस झोपून काढले तरी अंगात त्राण येत नाही, एक मजला चढताना मध्ये थांबावं लागतं, बोलता बोलता नेहमीचा शब्द आठवत नाही, आणि हे महिनोन्‌महिने तसंच राहतं, तेव्हा प्रवासाकडे बोट दाखवून भागत नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' आले की शोध आयुर्वेद, होमिओपॅथी करत कधीतरी चिनी उपचारांपर्यंत येतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर, सावधपणे करून बघायला हरकत नाही. चिनी काढे-गोळ्या घेऊ नयेत. आणि दोन्हीच्या आधी रक्त तपासायचं. हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं ते पुढे लिहिलं आहे. क्रम मोडू नका, कारण अर्धं नुकसान क्रम उलटा झाल्याने होतं.

पायरी पहिली: थकव्याचं कारण शोधा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे चाळिशीची एखादी बाई 'हल्ली फार दमायला होतं' म्हणाली, तर चिनी वैद्यकाच्या आधी हिमोग्लोबिन आठवायला हवं. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि या तपासण्यांबद्दल विचारा: सीबीसी, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, ईएसआर किंवा सीआरपी आणि लघवी. फेरिटिन मुद्दाम मागून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि तेवढ्यानेही माणूस गळून जातो.

रक्त देण्याआधी दोन गोष्टी सांभाळा. एक, बी-१२ चं इंजेक्शन 'ताकदीसाठी' म्हणून आधीच टोचून घेऊ नका. मग चाचणीत आकडा छान दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. दुसरी, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये तसं सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी त्या थांबवा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. शाकाहारी मंडळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असणारे, या तिघांनी बी-१२ ची चाचणी टाळूच नये.

रक्तात न दिसणारी कारणंही असतात. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा डुलक्या घेणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडण्याचा त्रास असू शकतो. तो सुयांनी जाणार नाही. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. नैराश्यही थकव्याचा वेश घेऊन येतं. चालू औषधंही बघा: रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या माणसाला पेंगुळलेला ठेवतात.

हे सगळं बघून झालं, काही सापडलं नाही, आणि थकवा सहा महिन्यांहून जास्त टिकला आहे, तर क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा (सीएफएस, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याचा आजार) विचार होतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये ठरवलेले निकष साधारण असे: आधीइतकं काम करता न येणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि श्रमानंतर तब्येत ढासळणं, शिवाय विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यांपैकी एक. यातली ओळखीची खूण म्हणजे श्रमानंतरची ढासळण. शनिवारी लग्नाला गेलात, तेव्हा निभावलं, आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी अंथरुणावरून उठवेना. हा फटका बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी बसतो आणि काही दिवस, कधी काही आठवडे राहतो. ही खूण तुमच्यात असेल तर पुढची प्रत्येक पायरी अर्ध्या वेगाने चढायची.

पायरी दुसरी: वही घाला

उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा, शून्य ते दहाच्या मापात: थकवा किती, झोप कशी, डोकं किती चाललं. शेजारी दिवसभरात काय केलं ते दोन शब्दांत. 'बँक, रांग', 'पाहुणे', 'वर्क फ्रॉम होम' एवढंही पुरे. बायकांनी पाळीची तारीख टाकावी.

ही वही नसेल तर पुढे कुणीही तुम्हाला काहीही पटवू शकतं. थकवा मुळात चढउताराचा असतो. माणूस उपचाराला जातो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा आपोआपच जरा बरा जातो आणि श्रेय सुईला मिळतं.

पायरी तिसरी: समोरचा काय म्हणतोय ते समजून घ्या

चिनी वैद्यकात 'थकवा' हा एकच आजार मानत नाहीत. वैद्य जीभ बघतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी नाडी बघतो, भूक, शौच, झोप, हातपाय गार पडतात का हे विचारतो आणि मग एक नमुना ठरवतो. थकव्यात सर्वांत जास्त ऐकू येणारा नमुना म्हणजे प्लीहेच्या 'ची'ची (चिनी कल्पनेतली जीवनशक्ती) कमतरता: जेवल्यावर जडपणा, पोट सैल, आवाज क्षीण, जीभ फिकट आणि कडेला दातांच्या खुणा असलेली. मग यकृताची 'ची' तुंबणं, म्हणजे चिडचिड, छातीत दाटल्यासारखं, उसासे. तिसरा, मूत्रपिंडाच्या 'यांग'ची, म्हणजे उबेची, कमतरता: कंबर दुखणं, सतत थंडी वाजणं. इथली प्लीहा आणि यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसणारे अवयव नव्हेत. 'तुमचं लिव्हर अडलंय' असं कुणी म्हटलं तर घाबरून यकृताच्या चाचण्या करायला धावू नका.

या विचाराला फार जुना आणि खरं सांगायचं तर फार मानवी इतिहास आहे. ली दोंगयुआन हा वैद्य ११८० ते १२५१ या काळातला. मंगोल सैन्याने १२३२ मध्ये आजच्या खायफेंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर लोक तापाने पटापट मेले, आणि त्याचं म्हणणं पडलं की हा ताप बाहेरच्या थंडीवाऱ्याचा नाही. उपासमार, अतिश्रम आणि भीती यांनी पोट आतून खचलं, त्यातून हे आलं. पचन सावरलं की माणूस उभा राहील, या कल्पनेवर त्याने आठ वनस्पतींचा काढा बांधला. बू झोंग यी ची थांग हा काढा आजही थकव्यासाठी दिला जातो. अग्निमांद्य ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे परकं वाटत नाही. मात्र ओळखीचं वाटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

पायरी चौथी: पुरावा किती, हे मनात ठरवा

सीएफएससाठी सुया आणि काढे यांच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत, बहुतेक चीनमध्ये, काही कोरियात. पुष्कळ चाचण्यांचा निकाल 'फायदा दिसला' असा आहे. अडचण त्यांच्या रचनेत आहे. त्या लहान असतात, आणि अनेकींत एका गटाला सुया, तर दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार मिळतात. अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं, 'आता बरं वाटणार' ही अपेक्षा, यांचा वाटा त्यात वेगळा काढता येत नाही. म्हणून खोट्या सुयांशी तुलना करतात, भलत्याच जागी टोचून किंवा आत न शिरणारी सुई वापरून. अशा तुलनेत फरक बहुधा आक्रसतो.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये सीएफएससाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. बरा करणारा उपाय आज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आणि ठरावीक मापाने वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नका, असंही. भर आहे तो शक्तीचा हिशेब ठेवून वागण्यावर. त्यामुळे सुयांकडून माफक अपेक्षा ठेवा: झोप जरा लागेल, अंगदुखी कमी होईल, दिवसातला एखादा तास सुसह्य होईल. 'मुळापासून' हा शब्द कानावर पडला की सावध व्हा.

पायरी पाचवी: माणूस निवडा

इथे महाराष्ट्रात आपली बाजू थोडी भक्कम आहे. ॲक्युपंक्चर भारतात रुजलं ते डॉ. बी. के. बसू यांच्यामुळे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात तेही होते. पुढे चीनमध्येच सुया शिकून त्यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात त्या वापरायला सुरुवात केली. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि नोंदणीसाठी परिषद नेमली. तेव्हा पहिला प्रश्न सरळ विचारा: 'तुमचा महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?' भिंतीवर दहा फ्रेम लावलेल्या असल्या तरी हा क्रमांक मागायला लाजू नका. वीकेंडच्या शिबिराचं प्रमाणपत्र आणि नोंदणी यांत फरक आहे.

दुसरा प्रश्न सुयांचा. प्रत्येक सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची, आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात नव्हे, तर न टोचणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात जायला हव्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत हे आहे. 'तुमच्या सुया तुमच्या नावाने बाटलीत ठेवतो, पैसे वाचतात' असं कुणी म्हटलं तर चप्पल घाला आणि निघा. पुन्हा वापरलेल्या सुयांमधून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

तिसरा मुद्दा कुणी सांगत नाही: अंतर. श्रमानंतर ढासळणाऱ्या माणसासाठी क्लिनिकपर्यंतचा प्रवास हाही खर्चच असतो. कासारवडवलीला राहून नौपाड्यातल्या नावाजलेल्या माणसाकडे जायचं, तर माजिवड्याच्या सिग्नलवरच दिवसाची शक्ती संपते; वर रिक्षा मिळवायची कसरत वेगळी. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीला बसायला जागा मिळेल अशा वेळी जाणं एक, आणि सहाच्या गर्दीत उभ्याने येणं दुसरं. घराजवळचा नोंदणीकृत, बऱ्यापैकी माणूस लांबच्या प्रसिद्ध माणसापेक्षा बरा. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीनमधली घ्या, आणि परतीची रिक्षा आधीच खर्चात धरा.

चाळीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेणारा, थायरॉइडच्या किंवा साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगणारा, आणि पहिल्याच भेटीत आधीचे रिपोर्ट न बघणारा, हे तिघेही नकोत.

पायरी सहावी: सिटिंग

त्या दिवशी उपाशी जाऊ नका. चतुर्थी किंवा एकादशीचा उपास असेल तर वार बदला. रिकाम्या पोटी सुया घेतल्या की चक्कर येण्याची शक्यता वाढते. तासभर आधी हलकं खा. त्या सकाळी जीभ घासू नका, कॉफी किंवा हळदीचं दूध पिऊ नका. जिभेचा रंग बदलतो आणि बघणाऱ्याची दिशाभूल होते. सैल कपडे घाला, गुडघ्यापर्यंत वर सरकणारे.

पहिल्या वेळी आडवं पडूनच सुया घ्या. सुया केसासारख्या बारीक असतात, साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या. थकव्यात बहुधा गुडघ्याखालचा झूसान्ली, घोट्याच्या वरचा सान्यिनजिआव, बेंबीखालचे एक-दोन आणि टाळूवरचा बायहुई हे बिंदू निवडतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग जडपणा, मुंग्या किंवा खोलवर दुखरेपणा जाणवतो; चिनी लोक त्याला 'दे-ची' म्हणतात. वीज चमकल्यासारखी कळ आली तर लगेच सांगा, सोसत बसू नका. सुया वीस ते तीस मिनिटं राहतात. छाती आणि खांद्याच्या माथ्यावर खोल सुया नकोत असं आधीच सांगून ठेवा. क्वचित का होईना, फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठल्याच्या घटना नोंदल्या आहेत. सिटिंगनंतर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल (सुयांना वीज जोडणार असतील तर विशेष), गरोदरपण असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सुई नको.

काही ठिकाणी मोक्साची धुरी देतात: एका वनस्पतीच्या सुक्या पानांचा लोकरीसारखा चुरा पेटवून बिंदूजवळ धरतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. ऊब सुखाची असते, धूर नाही. दमा असेल तर नको म्हणा, आणि बंद फ्लॅटमध्ये घरी तर मुळीच करू नका. कपिंगने, म्हणजे पाठीवर पेले चिकटवून कातडी ओढून धरल्याने, शक्ती येते म्हणतात. मला त्यात पाठीवरच्या निळ्या वर्तुळांपलीकडे थकव्यासाठी काही दिसलेलं नाही.

काढे, गोळ्या आणि पुड्या

इथे थोडं थांबते, कारण खरा धोका इथेच आहे.

आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. चिनी वनस्पती-औषधं त्यात नाहीत. म्हणजे ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी तुम्हाला चिनी काढा दिला, तर तो कुठून आला, कुणी तपासला, चुकलं तर दाद कुठे मागायची, याला धड उत्तर नाही. बहुतेक माल ऑनलाइन 'सप्लिमेंट' म्हणून येतो किंवा कुणीतरी बॅगेतून आणतं.

नावांच्या गोंधळाने काय होतं, ते बेल्जियमने पाहिलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या वजन उतरवण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. हवी होती फांगजी, आली ग्वांग फांगजी. नावं सारखी, झाडं वेगळी. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या सगळ्या 'नैसर्गिक आहे' म्हणूनच घेत होत्या.

योग्य झाड असलं तरी ते औषधच असतं. गानत्साव म्हणजे ज्येष्ठमधाचं सख्खं भावंड. बहुसंख्य काढ्यांत ते असतं, आणि महिनोन्‌महिने घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. पोटॅशियम उतरलं की काय होतं? स्नायू गळतात, म्हणजे पुन्हा थकवाच. दांगग्वेई आणि जिनसेंग या मुळ्यांचं वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी जमत नाही, आणि जिनसेंगने साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर जास्त उतरू शकते. माहुआंग म्हणजे एफेड्रा घेतल्यावर तरतरी येते, ती हृदयाला चाबूक मारून. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्राच्या सप्लिमेंटवर बंदी घातली.

आणखी एक. लेबल नसलेल्या पुडीने तीन दिवसांत चमत्कार झाला, अंगदुखी गेली, भूक खवळली, चेहरा भरला, तर आनंद मानू नका. त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. अशी भेसळ चिनी औषधांत सापडली आहे, आणि आपल्याकडच्या 'आयुर्वेदिक' पुड्यांतही. महिनाभर घेऊन झाली असेल तर ती एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

पायरी सातवी: घरच्या घरी दाब

सुयांची भीती असेल, पैसे नसतील किंवा बाहेर पडायची ताकदच नसेल, तर बोटाने दाब द्या. मिशिगन विद्यापीठाची २०१६ ची एक चाचणी आहे: स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, पण थकवा न सुटलेल्या स्त्रियांना स्वतःच दाब द्यायला शिकवलं, आणि सहा आठवड्यांत थकवा कमी झाला. तो थकवा वेगळ्या कारणाचा होता, हे खरं. पण यात धोका जवळपास नाही आणि खर्च शून्य, म्हणून मी हे सुचवते.

झूसान्ली असा शोधा: गुडघ्याच्या वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूच्या खळगीपासून आपलीच चार बोटं आडवी मोजा, तिथून नडगीच्या हाडाच्या बाहेर एक बोट सरका. दाबल्यावर जरा दुखरं लागेल. दोन्ही पायांवर दोन-तीन मिनिटं, अंगठ्याने, दिवसातून एकदा. झोपेआधी सान्यिनजिआवही चालेल, आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटं वर, हाडाच्या मागच्या कडेला. गरोदर स्त्रियांनी हा बिंदू आणि अंगठा-तर्जनीमधला हेगू हे दोन्ही सोडावेत.

बादुआनजिन हा आठ हालचालींचा चिनी व्यायाम बसूनही करता येतो. उपवनला फिरायला जाणारे हौसेने पूर्ण आठ करतील. श्रमानंतर ढासळणाऱ्याने खुर्चीत बसून दोन हालचालींनी सुरुवात करावी आणि दोन दिवस वही बघूनच तिसरी घ्यावी.

पायरी आठवी: कधी थांबायचं

सुरुवातीलाच सांगा: आठवड्याला एक, अशा सहा सिटिंग घेईन, मग ठरवेन. शेवटी वहीतली आधीच्या दोन आठवड्यांची सरासरी आणि शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी शेजारी ठेवा. तीनपैकी एकाही आकड्यात दोन अंकांचा फरक नसेल तर थांबा. 'अजून दहा घ्या, मग दिसेल' याला मान डोलावू नका. दर सिटिंगनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थकवा वाढलेला दिसत असेल, तर सहाचीही वाट बघू नका. ती प्रवासाची किंमत आहे की सुयांची, हे शोधायला एकदा सुया टोचणाऱ्यालाच घरी बोलावून बघता येतं. सहा सिटिंगनंतर बरं वाटत असेल तर दोन सिटिंगमधलं अंतर वाढवा, पंधरा दिवसांनी, मग महिन्याने.

या सगळ्या काळात लोहाची, थायरॉइडची, साखरेची कुठलीही गोळी स्वतःहून सोडायची नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहाने लोह नीट शोषलं जात नाही, तासाभराचं अंतर ठेवा. डॉक्टर म्हणतील तेव्हा, साधारण तीन महिन्यांनी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पुन्हा बघा, आणि जाताना ही वहीसुद्धा घेऊन जा.